मॅकच्या बदल्यात रेडर्सना पुरेसं मिळालं का? आधी 1 सप्टेंबर 2018 ची तारीख धरून मोजू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. 1 सप्टेंबर 2018 ला अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ओकलंड रेडर्सनी खलील मॅकला शिकागो बेअर्सकडे पाठवलं. तुमच्या मित्राचं म्हणणं, त्या बदल्यात आलेल्या पिकवर (ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, पिक म्हणजे त्यातल्या एका निवडीचा हक्क) जॉश जेकब्स मिळाला, 2022 मध्ये तो 1,653 यार्ड धावून अख्ख्या लीगमध्ये पहिला आला, तेव्हा हिशोब चुकता झाला. तुमचं म्हणणं, मॅकसारखा बचावपटू देऊन हिशोब चुकता होणं शक्यच नाही. आणि पुढच्या वेळी असा ट्रेड झाला तर तो मोजायचा कसा, हेही तुम्ही विचारलं आहे.

तुम्ही दोघं एकच चूक करता आहात. दोघंही खेळाडूसमोर खेळाडू ठेवून बघता. विकताना मिळालेला भाव वेगळा आणि त्या भावातून पुढे काय घेतलं ते वेगळं. शेत विकून आलेल्या पैशांचं पोराने काय केलं, यावरून शेताला भाव बरोबर मिळाला की नाही हे ठरत नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: रेडर्सना मिळालेला भाव वाजवीच्या जवळ होता, थोडा कमी. तो कमी पडला दोन ठिकाणी. एक, परत दिलेला दुसऱ्या फेरीचा पिक. दुसरं, विकायची वेळ. त्यानंतरचा मोठा तोटा ड्राफ्टच्या टेबलावर झाला, आणि तो या ट्रेडच्या खात्यात टाकणं अन्यायाचं आहे.

आधी देणंघेणं नीट मांडू, कारण निम्म्या चर्चेत तेच अर्धवट सांगितलं जातं. बेअर्सनी 2019 आणि 2020 चे पहिल्या फेरीचे पिक दिले, 2020 चा तिसऱ्या फेरीचा दिला आणि 2019 चा सहाव्या फेरीचा दिला. रेडर्सनी मॅक दिला, शिवाय 2020 चा स्वतःचा दुसऱ्या फेरीचा पिक आणि खालच्या फेरीचा एक सशर्त पिक दिला. ‘मॅकसाठी दोन फर्स्ट’ असं जे तोंडी फिरतं त्यात हा परतीचा दुसऱ्या फेरीचा पिक गायब असतो. नेमका तोच महत्त्वाचा आहे.

आयपीएल बघणाऱ्याला ट्रेड म्हटलं की रक्कम आठवते. नोव्हेंबर 2023 मध्ये हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे परतला तो निव्वळ रोखीचा व्यवहार होता. एनएफएलमध्ये चलन म्हणजे ड्राफ्टमधला क्रमांक. सात फेऱ्या, 32 संघ, आणि कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंची निवड साधारणपणे आदल्या हंगामातल्या कामगिरीच्या उलट्या क्रमाने. म्हणून दुसऱ्या संघाचा पुढच्या वर्षीचा पिक घेणं म्हणजे तो संघ किती वाईट खेळेल यावर पैज लावणं. वर सॅलरी कॅप असते, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा. 2018 मध्ये ती 17 कोटी 72 लाख डॉलर होती. पिक आणि कॅप या दोन्ही खात्यांत नोंद केल्याशिवाय कुठल्याही ट्रेडचा हिशोब पुरा होत नाही.

आता पहिला खरा प्रश्न: रेडर्सनी विकलं काय? ‘मॅकला विकलं’ हे उत्तर पुरेसं नाही. तो 2014 चा पाचवा पिक. 2015 मध्ये दोन वेगवेगळ्या जागांसाठी ऑल-प्रोच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात निवडला गेला, 2016 चा सर्वोत्तम बचावपटू, चार हंगामांत 40.5 सॅक (क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, पास टाकण्याआधीच पाडणं), वय 27. हे सगळं खरं, पण माणूस कुठल्या करारावर होता ते सोडून त्याची किंमत काढता येत नाही. पहिल्या फेरीच्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचव्या वर्षाचा हक्क संघाकडे असतो. मॅक त्या पाचव्या वर्षात होता, पगार 1 कोटी 38 लाख 46 हजार डॉलर. नवा करार हवा म्हणून तो सराव शिबिरालाच आला नाही.

त्यापुढे संघाच्या हातात फ्रँचाइझ टॅग असतो. करार संपलेल्या एका खेळाडूला ठरावीक मोठ्या पगारावर आणखी एक वर्ष बांधून ठेवण्याचा हा हक्क. डिफेन्सिव्ह एंडसाठी (बचाव फळीच्या टोकाला खेळणारा, म्हणजे मॅकची जागा) 2018 चा टॅग 1 कोटी 71 लाखांचा होता. लागोपाठ दुसऱ्यांदा टॅग लावला तर आधीच्या पगाराच्या 120 टक्के द्यावे लागतात, म्हणजे साधारण 2 कोटी 6 लाख. बेरीज करा: 2018 चे 1 कोटी 38 लाख, 2019 चे सुमारे 1 कोटी 71 लाख, 2020 चे सुमारे 2 कोटी 6 लाख. तीन वर्षं, मिळून 5 कोटी 15 लाखांच्या आसपास, आणि त्यात एका वर्षाच्या पुढची कसलीही हमी नाही. रेडर्सनी विकलं ते हे: मॅकवरचा तीन वर्षांचा हक्क, बाजारभावापेक्षा बराच स्वस्त.

मग मॅकच्या हातात काय होतं? बाहेर बसणं. हंगाम सुरू झाल्यावर तेव्हा प्रत्येक आठवड्याला पगाराचा सतरावा भाग बुडायचा, म्हणजे दर आठवड्याला 8 लाख 14 हजार डॉलर. शिवाय करारात असलेला खेळाडू वर्षभर बसून राहिला तर ते वर्ष मोजलंच जात नाही, करार पुढे ढकलला जातो. त्याच 2018 मध्ये पिट्सबर्गचा लेव्हिऑन बेल वर्षभर बसला, पण त्याने टॅगवर सहीच केली नव्हती, त्यामुळे त्याची गोष्ट वेगळी. मॅकला बसून राहणं फार महाग पडलं असतं. तेव्हा ‘रेडर्सपुढे दुसरा मार्गच नव्हता’ हे म्हणणं मला पटत नाही. मार्ग होते. रुसलेल्या खेळाडूला टॅगवर ठेवून संघ चालवणं कठीण असतं, ड्रेसिंग रूम बिघडते, हे मान्य. पण भाव ठरवताना विकणाऱ्याचा हात किती वर होता ते यातून कळतं, आणि तो बराच वर होता.

बेअर्सनी मात्र मॅकला तसं घेतलं नाही. घेतल्याबरोबर सहा वर्षांचा 14 कोटी 10 लाखांचा करार केला, त्यातले 9 कोटी हमीचे आणि 6 कोटी सहीच्या क्षणीच पक्के. आदल्याच दिवशी रॅम्सनी ॲरन डोनाल्डला सहा वर्षांचे 13 कोटी 50 लाख दिले होते. मॅक त्याच्याही वर गेला. वर्षाची सरासरी 2 कोटी 35 लाख, म्हणजे तेव्हाच्या कॅपच्या 13 टक्क्यांहून जास्त. कॅपच्या खात्यात दर वर्षी नोंद सरासरीने होत नाही, सहीचा बोनस वर्षांवर विभागून टाकतात, पण तुलनेला सरासरी पुरते.

इथे तुमच्या बाजूचे लोक घसरतात. बेअर्सनी दोनदा किंमत मोजली, एकदा पिकमध्ये आणि एकदा पूर्ण बाजारभावाच्या पगारात. 1 कोटी 38 लाखांचा मॅक ही एक मालमत्ता, 2 कोटी 35 लाखांचा मॅक ही दुसरी. ज्याला पुरेपूर बाजारभाव द्यावा लागतो त्याच्यात संघाला सुटणारा नफा फार थोडा उरतो. पहिल्या फेरीच्या पिकचं आकर्षण याच्या उलट असतं. 24 व्या क्रमांकावर आलेल्या जेकब्सचा चार वर्षांचा करार मिळून सुमारे 1 कोटी 19 लाखांचा, म्हणजे वर्षाला 30 लाख. तेव्हा तराजूच्या एका पारड्यात ‘2 कोटी 35 लाखांचा मॅक’ आणि दुसऱ्यात ‘स्वस्तातले दोन तरुण, अधिक दर वर्षी मोकळे झालेले सुमारे पावणेदोन कोटी’ असं ठेवायला हवं. नुसता मॅक विरुद्ध जेकब्स अशी तुलना केली तर तो मोकळा झालेला पैसा हिशोबातून गळतो.

आता पिकमधला भाव. यासाठी सर्वांत जुना आणि अजूनही सगळ्यांना पाठ असलेला तक्ता डॅलस काउबॉइजचा. जिमी जॉन्सन प्रशिक्षक असताना, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, माइक मॅकॉय यांनी आधीच्या सौद्यांवरून तो बसवला. पहिल्या क्रमांकाला 3,000 गुण, दहाव्याला 1,300, सोळाव्याला 1,000, बत्तिसाव्याला 590. वापरण्याआधी एक मर्यादा लक्षात ठेवा: तो तक्ता लोक पिक कोणत्या भावाने देत-घेत होते ते सांगतो, त्या पिकवर आलेले खेळाडू किती चांगले निघाले ते सांगत नाही. नंतर झालेल्या अभ्यासांत, विशेषतः केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांच्या मांडणीत, वरच्या पिकना अवास्तव भाव दिला जातो आणि पगार वजा जाता खरा नफा पहिल्या फेरीच्या शेवटाकडे व दुसऱ्या फेरीत जास्त सुटतो असं दिसलं. म्हणून मी जुना तक्ता बाजारभावासाठी वापरतो, आणि निकाल देताना दुसऱ्या फेरीचे पिक त्यात दिसतात त्यापेक्षा जड धरतो.

मोजायचं कधीच्या स्थितीवर? ट्रेडच्या दिवशीच्या. त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं की बेअर्सचे पिक 24 वा आणि 19 वा ठरतील. 2017 मध्ये बेअर्स 5-11 (5 विजय, 11 पराभव) होते आणि 2018 च्या ड्राफ्टमध्ये त्यांचा क्रमांक आठवा होता. नवा प्रशिक्षक मॅट नेगी, दुसऱ्या वर्षातला क्वार्टरबॅक मिच ट्रुबिस्की, त्यात मॅकची भर. मी अशा वेळी फेरीचा मध्य धरतो. आणि एक व्यवहारातला नियम आहे, एक वर्ष लांबचा पिक एक फेरी खाली उतरवून धरायचा. नियम ढोबळ आहे, पण ज्यांची नोकरी पुढच्या हंगामावर अवलंबून असते ते लोक सौदा याच दराने करतात.

त्याप्रमाणे 2019 चा पहिल्या फेरीचा पिक सोळावा धरला, 1,000 गुण. 2020 चा पहिल्या फेरीचा एक फेरी खाली, म्हणजे 48 वा, 420. 2020 चा तिसऱ्या फेरीचा चौथ्या फेरीच्या मध्यावर, 112 वा, 70. रेडर्सनी दिलेला 2020 चा दुसऱ्या फेरीचा तिसऱ्या फेरीच्या मध्यावर, 80 वा, उणे 190. तळातले दोन छोटे पिक एकमेकांसमोर सोडून दिले. निव्वळ 1,300. म्हणजे रेडर्सना त्या दिवशी दहाव्या क्रमांकाच्या पिकएवढा भाव मिळाला.

आता प्रत्यक्ष जे क्रमांक आले ते घालून बघा, यावेळी वर्षाची सूट न धरता. 24 वा 740, 19 वा 875, 81 वा 185, उणे 43 वा 470. निव्वळ 1,330. दोन आकडे इतके जवळ येणं हा बराचसा योग आहे. वर्षाची सूट काढल्याने वाढलेले गुण आणि बेअर्स सुधारल्याने घटलेले गुण जवळपास सारखे निघाले. पण त्या घटीत एक कायमचा धडा आहे. खेळाडू जितका चांगला, तितके त्याच्या बदल्यात मिळालेले पिक खाली घसरतात, कारण तो समोरच्या संघाला जिंकून देतो. ग्रीन बेमधल्या पहिल्याच सामन्यात पहिल्या अर्ध्यातच मॅकने सॅक काढला, चेंडू हिसकावला, समोरच्याचा पास पकडून (इंटरसेप्शन) थेट टचडाउन केला. बेअर्स तो सामना 24-23 ने हरले, तरी हंगाम 12-4 संपवला, लीगमध्ये सर्वांत कमी 283 गुण दिले आणि 36 वेळा चेंडू हिसकावला. आठव्या क्रमांकावर निवड करणारा संघ वर्षात 24 व्यावर गेला. पास रशर (क्वार्टरबॅकवर चाल करणारा, मॅकसारखा) किंवा क्वार्टरबॅक विकताना समोरच्या संघाचा क्रमांक आहे तसा धरू नये, चार-सहा जागा खाली धरावा. सोळाव्याऐवजी विसावा धरला तर वरच्या हिशोबातले 150 गुण लगेच कमी होतात.

दहाव्या पिकएवढा भाव कमी की जास्त? यासाठी तक्ता बाजूला ठेवून शेजारचे सौदे बघावे लागतात. घर विकताना आपण गल्लीतले अलीकडचे व्यवहार विचारतो तसंच. ऑगस्ट 2019 मध्ये मायामीने लॅरेमी टन्सिलसाठी ह्यूस्टनकडून दोन पहिल्या फेरीचे आणि एक दुसऱ्या फेरीचा घेतला. सोबत केनी स्टिल्स आणि खालचे पिक दिले. ऑक्टोबर 2019 मध्ये जॅक्सनव्हिलने जेलन रॅम्झीसाठी रॅम्सकडून दोन पहिल्या फेरीचे आणि एक चौथ्या फेरीचा घेतला. जुलै 2020 मध्ये जेट्सनी जमाल ॲडम्ससाठी सिॲटलकडून दोन पहिल्या फेरीचे, एक तिसऱ्या फेरीचा आणि एक खेळाडू घेतला, परत दिला तो चौथ्या फेरीचा. तिघांपैकी कुणीही दुसऱ्या फेरीचा पिक परत दिला नाही, आणि तिघांपैकी कुणाच्याही नावावर सर्वोत्तम बचावपटूचा किताब नव्हता. ॲडम्स तर सेफ्टी (सगळ्यांत मागे उभा राहणारा बचावपटू), जिथला पगार पास रशरच्या बराच खाली. हे सौदे नंतरचे आहेत, म्हणून रेडर्सना ते तेव्हा दिसत नव्हते हे मान्य. पण बाजार दोन वर्षांत बदलला असं मानायला कारण नाही, उलट मॅकच्याच सौद्याने तो भाव ठरवून दिला.

परतीचा दुसऱ्या फेरीचा पिक नसता तर रेडर्सचे गुण 1,490 झाले असते, म्हणजे सातव्या क्रमांकाच्या जवळ. दहाव्यावरून सातवा. जुन्या तक्त्यात हा फरक 190 गुणांचा दिसतो. दुसऱ्या फेरीच्या पिकमधला नफा लक्षात घेतला तर खरा फरक त्याहून मोठा. बेअर्सनी त्या 43 व्या पिकवर टाइट एंड (पास झेलणारा आणि समोरच्यांना अडवणाराही) कोल कमेट घेतला आणि तो त्यांचा अनेक वर्षांचा नियमित खेळाडू झाला. या ट्रेडमधल्या चार मुख्य पिकपैकी स्वतःच्या संघाकडून दुसरा मोठा करार मिळवणारा तो एकटाच. पण हे नशीब समजा. ट्रेडच्या दिवशीची चूक 190 गुणांची, तेवढीच तिच्यावर लावा.

वेळेची चूक मात्र याहून मोठी आहे आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. जॉन ग्रुडेन जानेवारी 2018 मध्ये रेडर्सचे प्रशिक्षक झाले. मॅकला मोठा करार द्यायचा नाही असं त्या हिवाळ्यात ठरलं असतं, तर विक्री एप्रिलच्या ड्राफ्टआधी करता आली असती. तेव्हा बेअर्सच्या हातात 2018 चा आठवा पिक होता. त्याचे एकट्याचे 1,400 गुण, म्हणजे सप्टेंबरमध्ये मिळालेल्या सगळ्या पुडक्यापेक्षा जास्त. बेअर्सनी तो दिला असता की नाही हा वेगळा मुद्दा. पण सप्टेंबरमध्ये विकणाऱ्याला पहिला पिक सात-आठ महिन्यांनी मिळतो, तोवर एक अख्खा हंगाम रिकाम्या जागेने खेळावा लागतो, आणि समोरच्यांनी वर्षाचा कॅप आधीच वाटून टाकलेला असल्याने बोली लावणारे संघही कमी असतात. 2018 च्या हंगामात रेडर्सचे अख्ख्या संघाचे मिळून 13 सॅक झाले, लीगमध्ये सर्वांत कमी. मॅकने एकट्याने शिकागोत 12.5 काढले.

हमीचे पैसे आधीच वेगळ्या खात्यात जमा करावे लागतात हा लीगचा नियम आणि लास वेगासला जाऊ घातलेल्या रेडर्सकडे रोकड कमी होती का, यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. मी ते भावात धरत नाही. मालकाला रोकड नसणं हे विकण्याचं कारण असू शकतं. त्याने खेळाडूची किंमत कमी होत नाही.

इथवर ट्रेडचा हिशोब संपतो. निकाल: निव्वळ 1,300 मिळाले, 1,500 च्या आसपास मिळायला हवे होते, आणि चांगल्या वेळी त्याहूनही जास्त. लूट म्हणावी असा सौदा तो नव्हता. 1989 मध्ये मिनेसोटाने हर्शेल वॉकरसाठी डॅलसला जे देऊन टाकलं त्याच्या जवळपासही हा येत नाही.

पुढचा भाग ड्राफ्टचा, आणि तुमच्या मित्राचं उत्तर इथे आहे. जेकब्स चांगला खेळाडू, यात वाद नाही. पहिल्याच वर्षी 1,150 यार्ड. पण रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, ही जागाच स्वस्त आहे. 2018 चा रनिंग बॅकचा टॅग 1 कोटी 19 लाखांच्या आसपास होता, डिफेन्सिव्ह एंडचा 1 कोटी 71 लाख. बाजार स्वतःच सांगतो की अव्वल रनिंग बॅक अव्वल पास रशरच्या सुमारे 70 टक्के किमतीचा. म्हणजे पिकवर स्वस्तात घेतल्याने होणारी बचतही तेवढी कमी. त्यात रेडर्सनी 2022 च्या हंगामाआधी त्याच्या पाचव्या वर्षाचा हक्क सोडला, त्याने त्याच हंगामात लीगमध्ये सर्वांत जास्त यार्ड काढले, मग एक वर्ष महाग भावाने ठेवून 2024 मध्ये तो ग्रीन बेला गेला. चार स्वस्त वर्षांपैकी सर्वोत्तम वर्ष शेवटचं, हे पिकच्या दृष्टीने वाईट वेळापत्रक.

19 व्या पिकवर डेमन आर्नेट घेतला. नोव्हेंबर 2021 मध्ये रेडर्सनी त्याला सोडून दिलं. 81 व्यावरचा ब्रायन एडवर्ड्स मे 2022 मध्ये अटलांटाला गेला. आणि सर्वांत महाग गोष्ट कुठल्याच यादीत दिसत नाही. मॅकने रिकामी केलेली जागा भरायला रेडर्सनी 2019 चा स्वतःचा चौथा पिक, 1,800 गुणांचा, क्लेलिन फेरेलवर खर्च केला. पहिल्या वर्षी त्याचे 4.5 सॅक. 1,300 मिळवले आणि भोक बुजवायला 1,800 घातले. त्याच ड्राफ्टमध्ये 106 व्या क्रमांकावर, 82 गुणांत, मॅक्स क्रॉस्बी मिळाला आणि पहिल्याच वर्षी त्याने 10 सॅक काढले. क्रॉस्बीमुळे मॅकचा ट्रेड बरोबर ठरतो असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तो बेअर्सकडून आलेल्या पिकवर मिळालेला नव्हता. रेडर्सच्या शोधपथकाचं श्रेय त्यांना द्या, ट्रेडला नको.

बेअर्सची बाजूही पाहू, कारण विकणाऱ्याला थोडं कमी मिळालं म्हणून घेणाऱ्याने कमावलं असं होत नाही. चार हंगामांत मॅकचे 36 सॅक, पण प्लेऑफमधला एकही विजय नाही. 2018 चा हंगाम फिलाडेल्फियाकडून 16-15 असा संपला, शेवटची किक आधी खांबाला आणि मग आडव्या दांडीला आपटून परत आली. मार्च 2022 मध्ये चार्जर्सकडून दुसऱ्या फेरीचा 48 वा आणि 2023 चा सहाव्या फेरीचा पिक घेऊन त्याला पाठवलं, आणि आधी वाटून ठेवलेल्या बोनसमुळे त्या वर्षी 2 कोटी 40 लाखांचा बोजा खेळाडू नसताना कॅपवर बसला. एका खेळाडूसाठी पिक आणि बाजारभाव दोन्ही मोजणाऱ्या संघाकडे क्वार्टरबॅक तयार असावा लागतो. बेअर्सकडे तो नव्हता. मॅकने त्याचं काम केलं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात आणि त्या कुठल्याच तक्त्यात बसत नाहीत. समोरचा संघ पुढे कोसळला तर पिक सोन्याचे होतात. ह्यूस्टन 2020 मध्ये 4-12 झाला आणि टन्सिलच्या बदल्यातला त्यांचा 2021 चा पिक थेट तिसऱ्या क्रमांकावर आला. मायामीचा सौदा तेव्हा अचानक हुशारीचा वाटू लागला, पण सहीच्या दिवशी तो जेवढा चांगला होता तेवढाच होता, नंतरच्या नशिबाने तो बदलत नाही. म्हणून मी निकाल दोन तारखांना लिहितो, एक ट्रेडच्या रात्री आणि एक चार वर्षांनी, आणि दुसरा पहिल्यावर कधीच गिरवत नाही.

आता पुढच्या वेळचं. ताजं उदाहरण घ्या, ऑगस्ट 2025 मध्ये डॅलसने मायका पार्सन्स ग्रीन बेला दिला तो ट्रेड. वय 26, चार हंगामांत 52.5 सॅक, पाचव्या वर्षाच्या हक्कावर, म्हणजे अगदी मॅकच्याच जागी उभा. ग्रीन बेने चार वर्षांचे 18 कोटी 80 लाख दिले. डॅलसला मिळाले 2026 आणि 2027 चे पहिल्या फेरीचे पिक आणि केनी क्लार्क. ग्रीन बे चांगला संघ, त्यात पार्सन्सची भर, म्हणून पिक फेरीच्या शेवटाकडे धरायचे. 28 वा 660. वर्षभर लांबचा दुसरा एक फेरी खाली, 60 वा, 300. मिळून 960, म्हणजे सतराव्या पिकएवढे. मॅकचे निव्वळ 1,300 होते. उरलेले 340 गुण क्लार्कने भरून काढायला हवेत, आणि 340 म्हणजे दुसऱ्या फेरीतला 56 वा पिक. क्लार्क तेव्हा 29 वर्षांचा, आतल्या फळीत खेळणारा, आणि 2024 मध्ये तीन वर्षांच्या 6 कोटी 40 लाखांच्या वाढीव करारावर सही केलेला. आधीच पूर्ण पगार ठरलेल्या, तिशीला टेकलेल्या टॅकलसाठी त्या दिवशी बाजारात कुणी 56 वा पिक दिला असता का? माझ्या हिशोबात नाही. क्लार्कची किंमत तिसऱ्या फेरीच्या मध्यावरची धरली, समजा 80 वा पिक, 190 गुण, तर डॅलसची बेरीज 1,150 वर थांबते. मॅकपेक्षा तरुण आणि जास्त सॅक असलेल्या खेळाडूसाठी मॅकपेक्षा 150 गुण कमी.